खाण कंपनीची गावाशी असलेली बांधिलकी कशावरून ओळखावी?

भूस्तर (धागालेखक)

खाण कंपन्यांच्या वार्षिक अहवालांत स्थानिक लोकांविषयीचे प्रकरण बहुतेक वेळा छायाचित्रांनी भरलेले असते. नवी शाळा, फिरता दवाखाना, शिवणवर्ग, पाण्याची टाकी अशी ती छायाचित्रे असतात. ही कामे खरी असतात आणि ज्यांना त्यांचा लाभ मिळतो त्यांच्या आयुष्यात त्यांना मोल असते, हे मी आधीच मान्य करतो. पण तेवढ्यावरून कंपनीचे गावाशी नाते कसे आहे, हे कळत नाही. शाळा बांधणारी कंपनी त्याच वर्षी गावाचा पाणवठा आटवत असू शकते आणि फारशा देणग्या न देणारी कंपनी सुरुंगाच्या वेळा गावाला विचारून ठरवत असू शकते. म्हणून कंपनीने किती दिले याच्याही आधी एक प्रश्न विचारायला हवा, असे मला वाटते. गावाच्या म्हणण्यामुळे खाणीच्या आराखड्यात, वेळापत्रकात किंवा उत्पादनात काही बदलले का?

या प्रश्नाला होकारार्थी उत्तर देता येईल असे एक उदाहरण अलास्काच्या वायव्य भागातल्या रेड डॉग या जस्ताच्या खाणीचे आहे. तिथली जमीन इनुपियाक या मूळ रहिवासी लोकांच्या नाना या प्रादेशिक महामंडळाच्या मालकीची आहे. महामंडळाने १९८२ मध्ये कोमिन्को कंपनीशी करार केला आणि १९८९ मध्ये उत्पादन सुरू झाले. कंपनीचा भांडवली खर्च वसूल झाल्यावर निव्वळ प्राप्तीतला २५ टक्के वाटा महामंडळाला मिळावा आणि तो दर पाच वर्षांनी ५ टक्क्यांनी वाढत ५० टक्क्यांपर्यंत जावा, असे करारात ठरले. पैशाची ही बाजू महत्त्वाची आहेच, पण मला अधिक महत्त्वाची वाटते ती नोआटाक आणि किवालिना या दोन गावांतल्या जाणत्या लोकांची समिती. तिच्या सल्ल्याने, कॅरिबूंचे (रेनडिअर जातीच्या हरणांचे) कळप खाणीच्या रस्त्याजवळ आले की खनिजाचे ट्रक थांबवले जातात आणि समुद्रातल्या शिकारीचा हंगाम आटोपल्याशिवाय जहाजांची ये-जा सुरू होत नाही. थांबलेल्या प्रत्येक ट्रकची कंपनीला किंमत मोजावी लागते. ती मोजायची तयारी करारातच लिहून घेतलेली असल्यामुळे समितीच्या शब्दाला वजन आले. एवढे असूनही किवालिनाच्या काही रहिवाशांनी सांडपाण्याच्या विसर्गावरून कंपनीला न्यायालयात खेचलेच. म्हणजे चांगला करार झाला म्हणून तंटे संपत नाहीत. फक्त ते कुठे आणि कसे मांडायचे, याची वाट उपलब्ध असते.

याच्या उलट उदाहरण पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जुकान घळीचे आहे. सुमारे ४६,००० वर्षांपूर्वीपासूनच्या मानवी वावराच्या खुणा जपणारे तिथले शैलाश्रय, म्हणजे कड्यातल्या गुहेसारख्या निवाऱ्याच्या जागा, रिओ टिंटो कंपनीने मे २०२० मध्ये लोहखनिजाच्या खाणीसाठी सुरुंगाने उडवले. कंपनीकडे कायदेशीर परवानगी होती. ती २०१३ मध्ये, १९७२ च्या वारसा कायद्याखाली मिळालेली होती. पुढच्याच वर्षी झालेल्या उत्खननात त्या जागेचे महत्त्व आधी वाटले होते त्याहून कितीतरी मोठे असल्याचे दिसले, सुमारे ४,००० वर्षांपूर्वीचा, माणसांच्या केसांनी विणलेला पट्ट्याचा तुकडाही सापडला, पण दिलेल्या परवानगीचा फेरविचार करण्याची सोय त्या कायद्यात नव्हती. संसदीय चौकशीत पुढे आलेली एक गोष्ट मला सर्वांत गंभीर वाटते. खाणीच्या विस्तारासाठी कंपनीपुढे चार पर्याय होते. त्यांतल्या तीन पर्यायांत हे शैलाश्रय वाचत होते. अधिक खनिज हाती लागावे म्हणून चौथा निवडला गेला आणि इतर पर्याय होते, हेच त्या भूमीच्या पारंपरिक मालकांना, म्हणजे पुटू कुंटी कुरामा आणि पिनिकुरा लोकांना, सांगितले गेले नव्हते. त्या लोकांशी कंपनीचा करार होता, बैठका होत होत्या, मोबदला ठरलेला होता. संवादाची सगळी बाह्य लक्षणे हजर असताना, ज्या माहितीवर निर्णय अवलंबून होता तीच समोर ठेवली गेली नाही. पुढे कंपनीचे मुख्य कार्यकारी अधिकारी आणि आणखी दोन वरिष्ठ अधिकारी पायउतार झाले. उडालेले शैलाश्रय मात्र परत येणार नाहीत.

म्हणून संवादाची वेळ हा मुद्दा मला कळीचा वाटतो. पूर्वेक्षणासाठी, म्हणजे खनिजाच्या शोधासाठी, पहिले भूवैज्ञानिक आणि पहिले ड्रिलिंग यंत्र येते तेव्हा कंपनीकडे फारसा पैसा नसतो आणि खाण होईल की नाही, हेही ठाऊक नसते. त्यामुळे गावाशी बोलण्याचे काम पुढे ढकलले जाते. आराखडा पक्का होऊन गुंतवणूकदारांना तारखा सांगून झाल्यावर जनसुनावणी होते, तेव्हा बदलण्याजोगे फारसे काही उरलेले नसते. कचऱ्याचा ढीग कोणत्या ओढ्याच्या डोक्यावर रचायचा, वाहतुकीचा रस्ता वस्तीच्या कोणत्या बाजूने न्यायचा, पाणी कुठून उचलायचे, हे प्रश्न आधीच्या टप्प्यावर नकाशावरची रेघ हलवून सुटू शकतात. नंतर त्यांची फक्त भरपाई होते.

यावर इथल्या वाचकांचे अनुभव आणि मतभेद वाचायला मला आवडतील.

ताळेबंद

लेखातल्या उदाहरणांबद्दल आभार. मात्र 'देणगी नंतर, संवाद आधी' या क्रमाशी मी पूर्णपणे सहमत नाही. पैशाचा हक्क नसलेला संवाद हा मागण्या ऐकून घेण्याचा कार्यक्रम होऊन बसतो. आपण ज्याला मदत म्हणतो त्यातली किती ऐच्छिक आहे आणि किती कायद्याने बंधनकारक आहे, हे वेगळे केल्याशिवाय कंपनीचे मूल्यमापन होऊ शकत नाही.

भारतात २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकारापुढच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी लागते. खाणींसाठी खाण आणि खनिज कायद्यातल्या २०१५ च्या दुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठानांची वेगळी व्यवस्था आली. त्या वर्षीच्या १२ जानेवारीपूर्वी मिळालेल्या खाणपट्ट्यांना रॉयल्टीच्या (काढलेल्या खनिजाबद्दल सरकारला द्यायच्या रकमेच्या) ३० टक्के आणि नंतर लिलावाने मिळालेल्यांना १० टक्के रक्कम या प्रतिष्ठानाकडे भरावी लागते. ही रक्कम कंपनीच्या मर्जीची नाही आणि तिच्या खर्चावर कंपनीचा फलकही लागू नये. खाणीने बाधित झालेल्या माणसांचा तो हक्काचा पैसा आहे. त्याचा खर्च कुठे व्हावा हे ठरवताना बाधित गावांचा आवाज किती असतो, हा प्रश्न प्रशासनाला विचारायचा आहे. कंपनीला विचारायचा प्रश्न निराळा आहे. कायद्याने मागितले त्यापलीकडे तुम्ही काय करता?

केवळ कायदा असून भागत नाही, याचे दक्षिण आफ्रिकेतले उदाहरण वेदनादायक आहे. तिथे खाणीचा हक्क मिळवतानाच सामाजिक आणि कामगार आराखडा द्यावा लागतो आणि त्यातली वचने कायदेशीर बंधनाची असतात. मारिकाना इथे प्लॅटिनमच्या खाणी चालवणाऱ्या लोनमिन कंपनीने अशा आराखड्यात कामगारांसाठी ५,५०० घरे बांधण्याचे मान्य केले होते. ऑगस्ट २०१२ मध्ये तिथे संपावरच्या ३४ खाण कामगारांना पोलिसांनी गोळ्या घातल्या. त्यानंतरच्या चौकशी आयोगापुढे उघड झाले की त्या घरांपैकी फक्त तीन, तीही नमुन्याची, बांधून झाली होती. पत्र्याच्या झोपड्यांत राहणाऱ्या माणसांच्या संतापाचे मूळ केवळ वेतनात नव्हते. वचनाची नोंद कागदावर आहे आणि नियामक ती तपासत नाही, अशा ठिकाणी आराखडा हा परवाना मिळवण्याचा एक दस्तऐवज एवढाच उरतो.

माळरान

दोन्ही मते वाचली. त्यांच्याही आधीचा एक प्रश्न मला मांडायचा आहे. 'गाव' म्हणजे नेमके कोण? कंपनी ज्यांच्याशी बोलते ते सहसा जमीनमालक, निवडून आलेले पदाधिकारी आणि कंत्राट मिळण्याची आशा असणारे लोक असतात. भूमिहीन मजूर, गुरे घेऊन हंगामी येणारे पशुपालक, नदीच्या खालच्या अंगाला राहणारे मच्छीमार आणि बहुतेक ठिकाणी बायका या यादीत नसतात. पाणी आटले तर लांबून पाणी आणावे लागते बायकांना, आणि पाण्याविषयीच्या बैठकीत बसलेले असतात पुरुष.

पापुआ न्यू गिनीतल्या बोगनव्हिल बेटावरची पांगुना ही तांब्याची खाण या संदर्भात नीट अभ्यासावी अशी आहे. १९७२ पासून १९८९ पर्यंत ती चालली. त्या बेटावर बहुतांश समाजांत जमिनीचा वारसा आईकडून चालतो, पण वाटाघाटी प्रामुख्याने पुरुषांशी झाल्या. भाडे आणि भरपाई ज्या कुटुंबप्रमुखांच्या नावे नोंदली गेली त्यांच्याकडेच ती जात राहिली. दरम्यान एक नवी पिढी वाढली. तिच्या वाट्याला गाळाने भरलेल्या नद्या आल्या, पैसा आला नाही. १९८७ मध्ये या तरुण पिढीने जुन्या जमीनमालक संघटनेला आव्हान देणारी नवी संघटना उभी केली. पुढच्या वर्षी खाणीची तोडफोड सुरू झाली, १९८९ मध्ये खाण बंद पडली आणि त्यातून सुमारे दहा वर्षे चाललेले यादवी युद्ध झाले. संघर्षाला इतर राजकीय कारणेही होती. तरीही कंपनीच्या बाजूने पाहिले तर एक चूक स्पष्ट दिसते. समाज जणू एकदाच मोजून कायमचा नोंदवता येतो, असे तिने धरले. लोक लग्ने करतात, वाटण्या होतात, मुले मोठी होतात, बाहेरून माणसे येतात. खाण तीस वर्षे चालणार असेल तर लाभार्थ्यांची यादीही तेवढी वर्षे जिवंत ठेवावी लागते.

पाणलोट

मला एकाच विषयावर बोलायचे आहे, कारण तो जीविताचा आहे. खनिज वेगळे काढल्यावर उरणारा ओला गाळ साठवणाऱ्या धरणांबद्दल कंपन्या गावाशी सर्वांत कमी बोलतात.

ब्राझीलमधील मारियाना इथे नोव्हेंबर २०१५ मध्ये असे धरण फुटले, १९ माणसे गेली आणि बेंतो रोद्रिगेस हे गाव गाळाखाली गाडले गेले. त्यानंतर तीन वर्षे आणि काही महिन्यांत, २५ जानेवारी २०१९ रोजी, त्याच राज्यात ब्रुमादिन्यो इथे वाले कंपनीचे धरण फुटले आणि २७० माणसे मेली. मेलेल्यांत बहुसंख्य कंपनीचे आणि तिच्या कंत्राटदारांचे कामगार होते, कारण खाणीचे उपाहारगृह आणि कार्यालय धरणाच्या थेट खालच्या बाजूला होते. धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. धरणाच्या खाली कोण राहते, गाळ किती मिनिटांत पोहोचेल आणि पळायचे कोणत्या दिशेने, या तीन गोष्टी ज्या कंपनीने गावाला सांगितलेल्या नाहीत तिच्या बाकीच्या सर्व उपक्रमांविषयी मला काहीही ऐकायचे नाही.

ब्रुमादिन्योनंतर, ऑगस्ट २०२० मध्ये, अशा धरणांसाठी एक जागतिक उद्योग मानक प्रसिद्ध झाले. त्यात तंत्रज्ञानाइतकेच महत्त्व बाधित लोकांना दिले आहे. धरणाची माहिती त्यांच्यापुढे ठेवणे, आपत्कालीन योजना त्यांच्यासोबत तयार करणे आणि तिचा सराव करणे अपेक्षित आहे. त्यातला लोकांशी बोलण्याचा हा भाग पाळायला कंपनीला शाळा बांधण्याइतका खर्च येत नाही. अडचण निराळी आहे. धरण फुटू शकते, हे गावासमोर मोठ्याने बोलावे लागते.

पाण्याच्या बाबतीतही हेच म्हणेन. पाण्याचे नमुने कंपनीने घ्यायचे, कंपनीच्याच प्रयोगशाळेत तपासायचे आणि सर्व काही मर्यादेत असल्याचा कागद गावाला द्यायचा, या पद्धतीवर लोकांचा विश्वास बसत नाही आणि बसू नये. नमुना कुठून आणि केव्हा घ्यायचा हे गावकऱ्यांनी ठरवावे, बाटलीवर दोघांच्या सह्या असाव्यात आणि तपासणी तिसऱ्याने करावी. खाण सुरू होण्यापूर्वीच्या पाण्याची मोजमापे हाती नसतील तर पुढचा सगळा वाद निष्फळ ठरतो. म्हणून पहिला नमुना पहिल्या सुरुंगाच्या कितीतरी आधी घेतलेला हवा, निदान उन्हाळा, पावसाळा आणि हिवाळा असे तिन्ही ऋतू पाहून.

तिसरी पाळी

मी एका खाण कंपनीच्या समुदाय संपर्क विभागात काही वर्षे काम केले आहे. आतल्या बाजूने काय घडते ते थोडक्यात सांगतो.

संपर्क अधिकारी गावात जातो, ऐकतो आणि शब्द देतो. तो शब्द पाळण्याचा अधिकार मात्र त्याच्याकडे नसतो. धूळ कमी करायची तर रस्त्यावर पाणी मारणारे टँकर वाहतूक विभागाच्या ताब्यात असतात, सुरुंगाची वेळ खाण व्यवस्थापक ठरवतो, नोकरभरती कंत्राटदाराच्या हातात असते आणि खरेदी मुख्यालयातून होते. खाण व्यवस्थापकाची कामगिरी टनांत मोजली जाते. त्याच्या मूल्यमापनात गावाच्या तक्रारींचा एकही रकाना नसेल, तर तो माझा दूरध्वनी किती वेळा उचलेल, हे सांगायला नको. मी ज्या कंपनीत होतो तिथे दिलेल्या वचनांची एकत्रित नोंदवही नव्हती. अधिकारी बदलला की वचन संपायचे आणि नव्या अधिकाऱ्यापुढे गावकरी तीच गोष्ट पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. वचन कोणी, कोणाला, कोणत्या तारखेला दिले आणि त्याची जबाबदारी कोणत्या विभागाची, एवढी चार रकान्यांची नोंदवही गाव आणि कंपनी दोघांकडेही असली तरी निम्मे तंटे टळतील, असे माझे प्रामाणिक मत आहे.

नोकऱ्यांबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. आधुनिक खुली खाण यंत्रांवर चालते. तिच्या क्षेत्रातून जेवढी माणसे हलवली जातात तेवढ्यांना ती कायमचे काम देऊ शकेलच असे नाही, आणि हे सुरुवातीलाच न सांगणे ही लोकांची फसवणूक आहे. बांधकामाच्या दोन-तीन वर्षांत खूप हात लागतात. उत्पादन सुरू झाले की त्यांतले बहुतेक परत पाठवले जातात. खरा टिकाऊ वाव स्थानिक खरेदीत असतो. वाहनदुरुस्ती, गणवेश, भोजन, वेल्डिंग, रोपवाटिका अशी कामे गावातल्या लहान व्यावसायिकांना मिळू शकतात. त्यासाठी निविदा लहान तुकड्यांत काढाव्या लागतात, अनामत रकमेची अट सैल करावी लागते आणि देयके वेळेवर चुकवावी लागतात. तीन-चार महिने पैसे अडकले तर मोठा पुरवठादार तग धरतो, गावातला बुडतो.

भूस्तर

सर्व प्रतिसादांमुळे चर्चा माझ्या लेखाच्या बरीच पुढे गेली. ताळेबंद यांनी हक्काचा पैसा आणि ऐच्छिक मदत यांत केलेला भेद मला पटतो. तिसरी पाळी यांच्या प्रतिसादाला जोडून तक्रार निवारणाबद्दल लिहितो. व्यवसाय आणि मानवी हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांनी २०११ मध्ये स्वीकारलेल्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा यंत्रणेच्या कसोट्या दिल्या आहेत. ती लोकांच्या विश्वासाला पात्र हवी, सर्वांच्या आवाक्यातली हवी, किती दिवसांत काय होईल हे आधी कळणारी हवी आणि पारदर्शक हवी. कंपनीने स्वतःच आरोपी आणि स्वतःच न्यायाधीश होऊ नये, हे त्यामागचे सूत्र आहे. तक्रारपेटी लावून हे साधत नाही. भिंतीला तडे गेल्याची तक्रार आली तर कंपनाची मोजणी कोण करणार, हे तडे जाण्यापूर्वी ठरलेले असावे लागते. खाण परिसरातली घरे सुरुंग सुरू होण्याआधी आतून-बाहेरून पाहून, छायाचित्रांसह नोंदवून ठेवली तर नंतर कोणाला खोटे ठरवण्याची वेळ येत नाही.

आणि एक गोष्ट मूळ लेखात यायला हवी होती. ऐकण्यात नकार ऐकण्याची तयारीही येते. ओडिशातल्या नियमगिरी डोंगरावरच्या बॉक्साइटच्या (ॲल्युमिनियमच्या खनिजाच्या) खाणीबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१३ मध्ये निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि त्या वर्षीच्या जुलै-ऑगस्टमध्ये बाराच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला. डोंगरिया कोंध लोकांसाठी तो डोंगर देवाचे स्थान आहे. कोणत्याही दवाखान्याने किंवा रस्त्याने त्याची भरपाई होण्यासारखी नव्हती. मूळ रहिवाशांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या घोषणापत्रात ज्या मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमतीचा, म्हणजे दबावाविना, काम सुरू होण्याआधी आणि पूर्ण माहितीनिशी दिलेल्या संमतीचा, उल्लेख आहे, तिला अर्थ येतो तो नकाराची शक्यता खरी असते म्हणूनच.

नदीकाठ

या सर्व चर्चेत खाण संपल्यावर काय, हे राहून गेले. कंपनी दवाखाना चालवत असेल तर खाण बंद झाल्यावर डॉक्टरचा पगार कोण देणार? गावाची पाणीयोजना खाणीच्या विजेवर चालत असेल तर पंप कोण चालवणार?

भूस्तर

नदीकाठ, हा प्रश्न खाणीच्या पहिल्या वर्षी विचारण्याचा आहे. कॅनडाच्या युकॉन प्रदेशातली फारो ही शिसे-जस्ताची खाण १९९८ मध्ये बंद पडली, कंपनी दिवाळखोरीत गेली आणि सुमारे ७ कोटी टन गाळ मागे राहिला. त्याच्या देखभालीचा खर्च आज सरकारी तिजोरीतून होतो आणि तो पुढच्या पिढ्यांनाही करावा लागणार आहे. म्हणून खाण बंद करण्याच्या खर्चाची हमी उत्पादन सुरू होण्याआधी, कंपनीच्या ताळेबंदाबाहेर, बँक हमी किंवा ठेव या रूपात असली पाहिजे आणि खाण वाढेल तशी ती वाढली पाहिजे.

दवाखान्याबद्दल म्हणाल तर कंपनीने समांतर दवाखाना उभारण्याऐवजी सरकारी आरोग्य केंद्राला इमारत, उपकरणे आणि काही वर्षे वाढीव मनुष्यबळ द्यावे. म्हणजे जबाबदारी पहिल्या दिवसापासून जिथे असायला हवी तिथेच राहते. पाणीयोजनेचे वीजबिल आणि दुरुस्ती गावाला स्वतःच्या उत्पन्नातून झेपेल एवढ्याच आकाराची योजना आखावी, आणि खाण चालू असतानाच, निदान शेवटची पाच वर्षे, गावाने ती स्वतः चालवून पाहावी. त्या काळात जे मोडेल ते दुरुस्त करायला कंपनी अजून तिथे हजर असते.

पाणलोट

त्यात एक भर घालतो. बंद झालेल्या खाणीच्या खड्ड्यात साठणारे पाणी आणि गाळाचे धरण, या दोन्हींची पाहणी खाण संपल्यानंतरही चालू ठेवावी लागते. सल्फाइडयुक्त खडक हवा-पाण्याच्या संपर्कात आला की आम्ल तयार होत राहते आणि हे काही ठिकाणी शतकानुशतके चालते. त्या पाहणीसाठी गावातल्याच तरुणांना खाण चालू असताना प्रशिक्षण दिले आणि त्यांचे मानधन खाण बंद करण्याच्या खर्चासाठीच्या ठेवीतून राखून ठेवले, तर शेवटचा डंपर गेल्यानंतरही पाण्याचे नमुने घेणारे कोणीतरी तिथे असेल.